बाळाच्या तोंडातले मोती

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. सकाळचे साडेसहा वाजले असतील, मी चहा टाकत होते आणि अकोल्याहून ताईचा फोन आला. आवाज रडवेला.

"ताबडतोब निघ वं माय! पोरीच्या पोरीले दात हायेत! पाचव्याच दिवशी!"

भाचीची पहिलीच खेप, माहेरी आलेली. मुलगी झाली, वजन चांगलं, दोघी सुखरूप. आदल्या संध्याकाळी पाचवीची पूजा झाली. सासरची माणसं मुद्दाम आलेली. सटवाईपुढे पाटा-वरवंटा, कोरा कागद, पेन, सगळं साग्रसंगीत. आणि ऐन पूजेत बाळानं मोठ्ठा जांभा दिला अन् कुणाला तरी हिरडीवर पांढरं काहीतरी दिसलं. झालं! "लेकरू दात घेऊन आलं" म्हणून एकीनं सुरुवात केली, "मामावर भारी हाये" म्हणून दुसरीनं पुरं केलं. आता मामा म्हणजे कोण? ताईचाच एकुलता एक मुलगा. तो बिचारा पुण्यात नोकरीला. रात्री अकरा वाजता त्याला फोन करून "गाडी चालवू नको, बाहेर जाऊ नको" असं बजावून झालं होतं.

मैत्रिणींनो, हसू नका. मीही हसले नाही. मी तशीच साडी बदलली, यांचा डबा अर्धा भरून ठेवला आणि एसटी स्टँड गाठलं.

अमरावती-अकोला रस्ता आता झकास झालाय. २०२२ मध्ये याच रस्त्याचा ७५ किलोमीटरचा पट्टा साडेचार दिवसांत बांधून गिनीज बुकात नाव नोंदवलं, ते तुम्ही वाचलंच असेल. बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं, पण माझं लक्ष खिडकीबाहेर नव्हतं. मला आठवत होतं एकवीस वर्षांपूर्वीचं एक छोटंसं तोंड. त्याच्याबद्दल मी आजवर कुठे लिहिलं नाही. आज लिहिते.

माझी आई तेव्हा आजारी होती, म्हणून माझं पहिलं बाळंतपण सासरीच झालं, अमरावतीला. मुलगा झाला. मी बी. ए. झालेली, मराठी वाङ्मय घेऊन. पण बाळाच्या तोंडात काय काय असू शकतं हे मला कोणत्याच पेपरात आलं नव्हतं. आठव्या दिवशी मालिश करणाऱ्या मावशींनी बाळाला पायावर घेतलं, त्याचं तोंड उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे दाणे पाह्यले का? हे फोडले नाही तं लेकरू दूध नाही पेणार. काढाच लागते."

सासूबाई काही दुष्ट नव्हत्या, उलट फार प्रेमळ. नातवाचं भलं व्हावं म्हणूनच त्यांनी डब्यातून टाकणखाराची पुडी काढली. तव्यावर लाही केली, मधात कालवली. मावशींनी बोटाला फडकं गुंडाळलं आणि त्या मधात बुडवून हिरड्या नि वरचा जबडा चोळला. बाळ काळंनिळं होईपर्यंत रडलं. मी कॉटवर बसून पाहत होते, कानात कापूस, डोक्याला फडकं. नको म्हणायला तोंड उघडलंच नाही. बावीस-तेवीस वर्षांची सून, काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी परत तेच. लाळ गुलाबी यायला लागली. तिसऱ्या दिवशी बाळ छातीला लागलं की किंचाळून बाजूला व्हायचं. "पाह्यलं? दाण्याईनं दूध पेत नाही," असं म्हणून तिसऱ्यांदा चोळणं झालं. चौथ्या दिवशी दुपटं ओलं झालंच नाही. बाळ रडेनासं झालं, ते पाहून घाबरले आणि मग धावाधाव. दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टरांनी टॉर्चनं तोंड पाहिलं. टाळूला दोन्ही बाजूंनी जखमा, हिरडी सोललेली. त्यांनी विचारलं, "तोंडात काय चोळलं?"

सासूबाई खाली पाहत होत्या. मी म्हणाले, "काही नाही."

तीन रात्री तिथं काढल्या. बाळ वाचलं. आज तो माझ्यापेक्षा दीड फूट उंच आहे आणि शेवटच्या वर्षाला शिकतोय. पण ते "काही नाही" माझ्या मनातून गेलं नाही. डॉक्टरांना खरं सांगितलं असतं तर औषध ठरवायला सोपं झालं असतं, हे त्या वेळी डोक्यातही आलं नाही. घराची इज्जत तेवढी डोक्यात होती.

तर अकोल्याला पोचले. खोलीत शेगडी, ओवा-शेपाचा वास, भाची रडून रडून सुजलेली. विहीणबाई खुर्चीत ताठ बसलेल्या. "आमच्या घरात असं लेकरू कधी झालं नाही बाप्पा," हे वाक्य मी चपला काढेपर्यंत दोनदा ऐकलं. ताईच्या हातात वाटी होती. वाटीत काय ते मला विचारावं लागलं नाही, वासावरूनच मध कळला.

मी आधी ती वाटी उचलून मोरीत ओतली. मग साबणानं हात धुतले, बाळाला खिडकीजवळ घेतलं आणि मोबाइलचा टॉर्च लावला. (उजेड डोळ्यांवर नाही हं मारायचा, बाजूनं धरायचा.) खालच्या हिरडीवर दोन पांढरट दाणे, ज्वारीच्या कणीएवढे. आणि वर, टाळूच्या अगदी मधोमध, एका रेषेत तीन बारीक दाणे, राजगिऱ्यासारखे. बोटानं हलकेच लावून पाहिलं. गोल, गुळगुळीत. दाताला जशी धार असते तशी नाही. बाळानं माझं बोट चोखायला घेतलं, दुखत असतं तर चोखलं असतं का?

"डिस्चार्ज कार्ड कुठाय?" मी विचारलं.

कार्ड निघालं गादीखालून. त्यावर इंग्रजीत स्वच्छ लिहिलेलं होतं, 'एपस्टाइन पर्ल्स'. म्हणजे डॉक्टरांनी घरी सोडतानाच पाहून ठेवलं होतं. ताईला विचारलं, काही सांगितलं नव्हतं का? तर म्हणते, "सांगतलं होतं नं. टाळूवर मोती हायेत, आपोआप जातील म्हणे. मी रोज पाह्यते टाळू. काहीच नाही दिसत. तरी आपलं तेल जास्त घालते."

आता बघा गंमत! आपल्या मराठीत डोक्यावरचा मऊ भाग तोही टाळू आणि तोंडातलं वरचं छत तेही टाळूच. डॉक्टर तोंडातल्या टाळूबद्दल बोलले आणि ताई चार दिवस पोरीच्या डोक्यावर मोती शोधत होती. खोलीत पहिल्यांदा कुणीतरी हसलं. भाचीच हसली. विहीणबाईंच्या ओठाचा कोपरा हलल्यासारखा वाटला, पण मी खात्री देत नाही.

तरी मी काही डॉक्टर नाही. माझ्या शब्दावर कुणी राहू नये म्हणून संध्याकाळी सगळ्या जणी मिळून बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. विहीणबाईंनाही मुद्दाम नेलं. हे महत्त्वाचं आहे बरं का! घरात ज्यांचा शब्द चालतो त्यांनीच डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं पाहिजे, नाहीतर सून सांगते ते "शिकलेपणाचे चाळे" ठरतात.

डॉक्टरीणबाई छान समजावणाऱ्या निघाल्या. त्यांनी सांगितलेलं माझ्या भाषेत सांगते. बाळ पोटात दोन-तीन महिन्यांचं असतं तेव्हा तोंडातली टाळू अखंड नसते. डावीकडून एक पदर येतो, उजवीकडून एक, आणि दोन्ही मध्यावर येऊन जुळतात. आपण गोधडीचे दोन तुकडे जोडतो ना, तसं. शिवणीत कशी एखादी चिंधी, दोऱ्याचं टोक अडकून राहतं, तसे कातडीचे बारीक कण त्या जोडावर अडकून राहतात. त्यांच्याभोवती इवलीशी पिशवी होते आणि त्यात केराटिन नावाचा पदार्थ साठतो. केराटिन म्हणजे काय, तर आपली नखं, केस ज्याचे बनतात तेच. तोच पांढरा दाणा. हिरडीवरचे दाणेही तसेच, फक्त ते दात ज्या पट्टीतून तयार होतात तिच्या उरलेल्या कणांचे. म्हणजे दात नव्हेत, दात घडवताना उरलेला चुरा. एक मिलिमीटर, फार तर तीन. बाळ दूध चोखायला लागलं की त्या घर्षणानंच ते फुटतात नि विरून जातात. काहींचे दोन आठवड्यांत, काहींचे तीन महिन्यांत. औषध नाही, कारण औषध लागतच नाही.

"किती लेकरांना असते?" विहीणबाईंनी विचारलं. हा त्यांचा पहिला प्रश्न.

"शंभरातल्या साठ ते ऐंशी बाळांना असतात. नीट पाहिलं तर."

विहीणबाई गप्प झाल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हणजे आमच्या पोराले बी असन."

"असतीलच. तुम्ही पाहिले नसतील."

पुढे मी जरा वाचन केलं. ज्यांच्या नावानं हे मोती ओळखले जातात ते आलोइस एपस्टाइन हे प्राग शहरातले बालरोगतज्ज्ञ, त्यांनी १८८० मध्ये यांचं वर्णन केलं. त्यांच्याआधी १८६६ मध्ये बोन नावाच्या जर्मन डॉक्टरांनी हिरडीवरच्या गाठींबद्दल लिहिलं होतं. नावांचा पुढे बराच घोळ झाला आणि १९६७ मध्ये फ्रॉम यांनी जागेवरून त्यांची वाटणी करून दिली. टाळूच्या मध्यरेषेवरचे ते एपस्टाइनचे मोती, हिरडीच्या बाजूचे आणि मध्यरेषेपासून दूरचे ते बोनच्या गाठी, हिरडीच्या काठावरचे ते दंतपट्टीचे. आपल्याला घरी या वाटणीचं काम नाही. तिन्हींना हात लावायचा नाही, एवढं पुरे.

पण एक गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून बसले. व्हिएन्नामध्ये बेडनार नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १८५० च्या सुमारास तान्ह्या बाळांच्या टाळूला मागच्या बाजूनं, डावी-उजवीकडे होणाऱ्या दोन जखमांचं वर्णन केलं. त्या जखमा आजही त्यांच्याच नावानं ओळखल्या जातात. कशानं होतात? बाळाचं तोंड बोटानं, फडक्यानं जोरात पुसल्यानं. म्हणजे पावणेदोनशे वर्षांपूर्वी तिथल्याही बायका बोटाला फडकं गुंडाळून बसल्या होत्या! माझ्या मुलाच्या टाळूला ज्या दोन जखमा होत्या त्यांना पुस्तकात नाव आहे हे मला एकवीस वर्षांनी कळलं.

आणि टाकणखार. ज्याला इंग्रजीत बोरॅक्स म्हणतात, तोच हा. आपल्या आज्या-पणज्यांनी तोंड आलं की मधातून लावला, म्हणून तो आपल्याला घरचाच वाटतो. पण तान्ह्या बाळाच्या पोटात तो गेला की विष आहे. १९८३ मध्ये ब्रिटनच्या वैद्यकीय नियतकालिकात सात बाळांची हकीकत छापून आली होती. त्यांच्या चोखण्यांना मध आणि बोरॅक्सचं मिश्रण काही आठवडे लावलं जात होतं. सातही बाळांना झटके येऊ लागले. मिश्रण बंद केलं, झटके थांबले. तिथं तर ते दुकानातून आणलेलं होतं. आपल्याकडे गुटीच्या डब्यात मायफळ, वेखंड, मुरुडशेंग यांच्या शेजारी एक पुडी असते ना पांढरी, ती आजच उघडून बघा. मधाचंही तेच. वर्षाच्या आत मध नाही, कारण मधात असणाऱ्या एका जंतूची बीजं तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात. मोठ्यांना त्याचं काही होत नाही. पाचवीला, बारशाला सोन्याच्या अंगठीनं मध चाटवायची हौस असते, मला माहीत आहे. अंगठी नुसती ओठाला लावा.

आता कुणी म्हणेल, सगळं पांढरं म्हणजे मोती समजून बसायचं का? नाही. दूध पिऊन झाल्यावर जिभेवर पांढरा थर राहतो, तो थोड्या वेळानं आपला आपण जातो. पण दह्याच्या कवडीसारखे चट्टे गालाच्या आतून, जिभेवर, ओठावर दिसले, पुसून निघत नसले, खाली लाल दिसत असलं आणि बाळ दूध पिताना कुरकुरत असलं तर ते बुरशीचं तोंड येणं. त्याला डॉक्टरांचं औषध लागतं आणि पुष्कळदा आईच्या स्तनाग्रांनाही लावावं लागतं. नाहीतर बाळाचं आईला नि आईचं बाळाला असं चालूच राहतं.

खरोखरचा दात घेऊन येणारी बाळंही असतात. दोन-तीन हजारांत एखादं. बहुतेक वेळा खालचे मधले दोन. जन्मतःच असलेल्या आणि पहिल्या महिन्यात उगवलेल्या दातांना वेगवेगळी नावं १९५० मध्ये दिली गेली, पण दोन्ही आपल्याकडे अपशकुनातच जमा. फ्रान्सचा चौदावा लुई १६३८ मध्ये दोन दात घेऊन जन्मला, तिथं कुणी त्याच्या मामाला घरात कोंडलं नाही. दाया मात्र त्याला दूध पाजताना हैराण झाल्या म्हणतात! असा दात बहुतेक वेळा फुकटचा जादा नसतो, तो खरा दुधाचाच दात लवकर आलेला असतो. उपटला की सहा-सात वर्षांपर्यंत तिथं फट. फार हलत असेल, श्वासनलिकेत जाईल अशी भीती असेल, किंवा जिभेखाली घासून जखम होत असेल तरच दातांचे डॉक्टर तो काढतात किंवा त्याची धार घासून देतात. आणि तेही बाळाला जन्मल्यावर के जीवनसत्त्वाचं इंजेक्शन मिळालं होतं का हे विचारून. कारण पहिल्या आठ-दहा दिवसांत तान्ह्याचं रक्त नीट गोठत नाही. आपण दोऱ्यानं किंवा नखानं काढायला जातो आणि रक्त थांबत नाही, म्हणजे काय होईल ते सांगायला नको.

जिभेखाली निळसर, पाण्यानं भरल्यासारखी गाठ दिसली तर मात्र वाट पाहायची नाही. डॉक्टर तिला बेडकाच्या नावावरून ओळखतात, फुगलेल्या बेडकाच्या गळ्यासारखी दिसते म्हणून. काही आपोआप बसतात, काही मोठ्या होऊन दूध पिणं, श्वास घेणं अडवतात, म्हणून डॉक्टरांच्या नजरेखाली राहिलं पाहिजे. हिरडीतून लोंबणारी गुलाबी गाठ फार क्वचित, आणि तीही मुलींमध्येच कितीतरी जास्त. आधीच मुलगी, त्यात तोंडात गाठ, मग त्या आईचं काय होत असेल! ती गाठ छोट्याशा शस्त्रक्रियेनं निघते आणि परत येत नाही. दूध नाकातून बाहेर येत असेल तर टाळू मागं उघडी राहिली आहे का हे पाहून घ्यायला हवं. ओठ नीट असला तरी आतली टाळू फाटलेली असू शकते आणि ते नजरेतून सुटतं.

हे सगळं कुठे दाखवायचं? अमरावतीत डफरीन आहे, अकोल्यात लेडी हार्डिंग, दोन्ही सरकारी स्त्री रुग्णालयं. अकोल्यात सरकारी मेडिकल कॉलेज आहे, अमरावतीत दातांचं कॉलेजही आहे. जन्मजात व्यंगं शोधण्यासाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याची सुरुवातच २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रात, पालघरला झाली. आणि दवाखान्यात बाळंतपण झालं तरी आशाताई पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी येतात, तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. घरी जाऊन तान्ह्याची काळजी घेण्याची ही पद्धत आपल्याच विदर्भातली, गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून दाखवली आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकानं छापली. आशाताई आल्या की आपण त्यांना चहा देतो, वजन करून घेतो. एकदा म्हणा, "ताई, जरा तोंडही पाहता का?"

आता एक कडू बोलते. २०२५ च्या मार्चमध्ये पेपरात बातमी आली होती. मेळघाटातल्या चिखलदरा तालुक्यात सिमोरी गावी बावीस दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्यानं पासष्ट चटके दिले. बाळ आजारी होतं आणि बरं व्हावं म्हणून दिलेले. तिकडे याला डंबा म्हणतात. त्या आठवड्यात आमची भिशी होती. साबुदाणा वडे खाताखाता सगळ्या हळहळल्या. "काय अडाणी लोक बाई!" "कोणत्या जमान्यात राहतात!" "आईला काही वाटलं नसेल का?"

मी वडा खाली ठेवला. कारण ज्या बोलत होत्या त्यांतल्या दोघींनी तरी आपल्या नातवंडांच्या हिरड्या टाकणखारानं चोळल्या आहेत, हे मला ठाऊक होतं. आणि तिसरी मी. विळा तापवणारीलाही बाळ वाचवायचंच होतं. माझ्या सासूबाईंनाही. बाळाच्या अंगावर काहीतरी दिसतं, ते आपल्याला कळत नाही, आणि नुसतं बसून राहवत नाही. मग हात चालतो. कोरकू आजीचा चटका पेपरात येतो, पोलिसांत जातो. आमचं फडकं घरातल्या घरात राहतं. विळा नि फडकं सारखं नाही, कबूल. पण "आईला काही वाटलं नसेल का" या प्रश्नाचं उत्तर मला माहीत होतं. वाटतं. आणि तरी ती गप्प बसते.

मग मी त्या भिशीत माझ्या मुलाची गोष्ट सांगितली, पहिल्यांदाच. "काही नाही" म्हणाले होते, तेही सांगितलं. थोडा वेळ कुणी बोललं नाही. एकजण म्हणाली, "आमच्याकडे मीठ लावलं होतं." दुसरी म्हणाली, "आमच्या मधल्याला नखानंच फोडले होते, ताप आला होता चार दिवस." त्या दिवशी भिशीची चिठ्ठी काढायचीच राहून गेली.

सासूबाई आता नाहीत. त्यांना मी कधी बोलले नाही आणि त्यांनीही कधी विषय काढला नाही. पण धाकट्या दिराच्या मुलीच्या वेळी मावशींनी बाळाचं तोंड उघडलं तेव्हा सासूबाई स्वयंपाकघरातून तरातरा आल्या नि म्हणाल्या होत्या, "तोंडाले हात नाही लावायचा." एवढंच. बाळंतिणीला कारण माहीत नव्हतं, मला होतं.

अकोल्याची पोर बाराव्या दिवशी पाळण्यात पडली. मामा पुण्याहून स्वतः गाडी चालवत आला, बिनधास्त. बारशाला आलेल्या बायकांना विहीणबाईच बाळाचं तोंड दाखवत होत्या, टॉर्च बाजूनं धरून. "पाह्य, मोती हायेत. शंभरातल्या ऐंशी लेकराइले रायतात. डॉक्टरीणबाईनं सांगतलं." साठचा आकडा त्यांनी गाळून टाकला होता. मी मध्ये बोलले नाही.

सव्वा महिन्यानंतर भाची सासरी गेली. तिसऱ्या महिन्यात मी सहज त्यांच्याकडे डोकावले. बाळ हुंकार देत पडलेलं. हिरडी गुलाबी, स्वच्छ. टाळूही. मोती कधी गेले ते घरात कुणालाच सांगता येईना. भाचीनं गुटीचा डबा काढून दाखवला, त्यात पांढरी पुडी नव्हती.

"टाकणखार?" मी विचारलं.

विहीणबाई म्हणाल्या, "सोनाराले देऊन टाकला. पोरीचे वाळे करायले गेलो होतो नं, तवा. तो म्हणे, काकू, डाग द्यायले लागतेच मले हे."